ढिगाच्या पोटातला हात

माझं शिक्षण चौथी. पाचवीचं पुस्तक घरात आलं होतं, पण ते पुरतं उघडायच्या आत मी धुळ्यात केळीच्या गोदामावर लागलो आणि चव्वेचाळीस वर्षं तिथून हललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी विद्यापीठातल्या गणिताबद्दल लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, या म्हाताऱ्याचा काय संबंध. संबंध आहे. जळगावच्या विद्यापीठात काळ्या पुठ्ठ्याचं एक बाड आहे, त्यातलं एक पान माझं आहे.

माझं काम केळी पिकवण्याचं. लोक म्हणतात, केळी काय, आपोआप पिकतात. आपोआप पिकते ती घरात खुंटीला टांगलेली एक फणी. ट्रकभर हिरवी केळी चौथ्या दिवशी एका रंगाची, एका गोडीची करून द्यायची तर माणूस लागतो. आमच्या शेठचे वडील मारवाडातून आलेले. त्यांनी गोदामामागे जाड भिंतींची एक खोली बांधली होती. एकच दार, खिडकी नाही. खाली केळीची सुकी पानं अंथरायची, त्यावर फण्या रचत छातीएवढा ढीग करायचा, वरून पुन्हा पानं. कोपऱ्यात माठात गोवऱ्यांचा विस्तव ठेवून धूर करायचा आणि दार चिखलाने लिंपून टाकायचं. दुसऱ्या दिवशी दार फोडायचं, धूर जाऊ द्यायचा, आणि तिथून खरं काम सुरू. ढीग आतून तापायला लागतो. फार तापला तर केळी वरून पिवळी आणि आत पाणी. कमी तापला तर हिरवी ती हिरवीच. म्हणून दर थोड्या वेळाने ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. आमच्या हाताला चारच शब्द येतात: गार, कोमट, ऊन, कढत. ऊन झालं की वरची पानं काढायची, आणि कढत व्हायच्या आत ढीग मोडून फण्या पसरून द्यायच्या.

एवढ्या वर्षांत माझा ढीग दोनदा बिघडला. एकदा मला ताप होता आणि एकदा माझं लग्न होतं.

आता शेठचा मुलगा गोदाम बघतो. त्याने यंत्राच्या थंड खोल्या केल्या, तिथे बटण दाबलं की झालं. जुनी खोली मात्र त्याने ठेवली, कारण काही हातगाडीवाले अजून धुराचीच केळी मागतात. मीही रोज जातो. मला कोणी बोलावत नाही आणि कोणी जा म्हणतही नाही.

माझी नात जळगावला गणितात एम.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षी त्यांना एक प्रकल्प करावा लागतो. तिचे सर म्हणाले, खऱ्या जगातली एक गोष्ट घ्या आणि तिचं गणिती मॉडेल करा. वर्गातल्या बाकीच्यांनी पुस्तकातल्या गोष्टी घेतल्या. कोणी साथीचा रोग घेतला, कोणी धरणातलं पाणी. ही म्हणाली, मी आमच्या आबांचा केळीचा ढीग घेते.

रविवारी घरी आली तेव्हा मी विचारलं, "मॉडेल कसानं करशी? मातीनं?"

"समीकरणाचं, आबा." माझ्यासमोर चहाचा कप होता, तो तिने हाताने अडवला. "पिऊ नका, थांबा. हा आता कढत आहे. पहिल्या पाच मिनिटांत कसा निवतो?"

"भराभर."

"आणि मग?"

"मग हळू."

"का बरं?"

"खोलीइतका होत आला म्हणून."

"बस. चहात आणि खोलीत जेवढा फरक जास्त, तेवढा निवायचा वेग जास्त. हे एका ओळीत लिहिलं की झालं डिफरन्शियल इक्वेशन. किती आहे ते नंतर. आधी विचारायचं, कोणत्या वेगाने बदलतंय. वेग कळला की पुढचं सगळं काढता येतं."

मी म्हटलं, "एवढंच? हाई तर बठ्ठास्ले माहीत शे."

"माहीत सगळ्यांना असतं आबा. लिहिता येत नाही."

तोवर माझा चहा निवला होता.

तिने वहीत ढिगाची ती एक ओळ लिहून दाखवली. मला अक्षरं कळली नाहीत, पण तिने वाचून सांगितली तेव्हा लगेच कळलं की ती चुकली आहे. तिने ढीग चहासारखा धरला होता. म्हणजे तापलेला ढीग ठेवला आणि तो निवत चालला. मी म्हटलं, "तुना चहा मेलेला शे. केळं जित्तं शे. त्याले कोणी तापाडत नही, ते स्वतः तापस."

ती पेन्सिल तोंडाशी धरून बसली. मग म्हणाली, "किती तापतं?"

"पहिल्या दिवशी नाही. मग एकदम. मग थकतं."

तिने समीकरणाला आणखी एक तुकडा जोडला. बाहेर जाणारी उष्णता एकीकडे, केळ्याची स्वतःची दुसरीकडे, आणि दोन्हीचा झगडा. सरांनी तो तुकडा पाहून विचारलं होतं म्हणे, हा कुठून आणलास. ती म्हणाली, घरून.

संक्रांतीच्या सुट्टीत तिने पहिला ढीग मोजला. विद्यापीठातून वायरचं थर्मामीटर आणलं होतं, टोक आत ठेवायचं आणि आकडा बाहेर वाचायचा. आधी तिने ते टोक दाराजवळ टांगलं. मी ते काढून ढिगाच्या पोटात खुपसलं. चार दिवस आम्ही दोघं खोलीबाहेर पोत्यावर बसलो. ती आकडा वाचायची, मी हात घालून शब्द सांगायचो. त्यात मला एक विद्या आली. कोमट म्हणजे तिचे चोवीस, ऊन म्हणजे अठ्ठावीस, आणि बत्तिसाच्या पुढे कढत. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणायची, "आबा, सांगा," आणि मी हात घालून आकडाच सांगायचो. एकदोनाने इकडेतिकडे. शेठचा मुलगा बघायला आला तर त्यालाही सांगून दाखवला. सांगायला हरकत नाही, मला चढली होती.

पहिल्या ढिगाचं गणित छान बसलं. कागदावर तिने एक रेघ काढली होती, ती समीकरणाची. आणि बाजूला ठिपके, ते मोजलेले. रेघ ठिपक्यांवरून अशी गेली जशी दोरी मण्यांतून. सर म्हणाले, एका ढिगावर भागत नाही, अजून एक मोजा. पण तिचे तास सुरू झालेले. तेव्हा तिने वही माझ्या हातात दिली.

"दर दोन तासांनी, सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. थर्मामीटरवरचा आकडा लिहायचा. बाकी काही नाही."

"आणि रातनं?"

"रात्रीचं समीकरण भरतं."

"मी जाऊन बठसू ना."

"नको आबा. मधल्या रात्रीचं काढता आलं नाही तर ते समीकरण कसलं?"

मी वही घेतली. नोकरीत मला कोणी कधी वही दिली नव्हती.

दुसऱ्या ढिगाचे पहिले दोन दिवस मी इमानदारीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला थर्मामीटर सव्वीस दाखवत होतं. मी हात घातला. हात म्हणाला, ऊन. देठांजवळ ओल सुटली होती, वासही बदलला होता. सव्वीस कुठलं, हे अठ्ठावीस. मी थर्मामीटर हलवून बघितलं, सव्वीसच. मला वाटलं, अडकलं. मी अठ्ठावीस लिहिलं. बाराला ते अठ्ठावीस दाखवायला लागलं. मी मनात म्हटलं, आलं का ठिकाणावर. पण तोवर माझा हात तिसावर गेला होता, म्हणून मी तीस लिहिलं. असं ढीग मोडेपर्यंत चाललं. खोटं लिहितोय असं मला एकदाही वाटलं नाही. शिकाऊ माणसाचं चुकलं तर आपण दुरुस्त करतो, तसं मी यंत्राचं दुरुस्त केलं. वही दिली तेव्हा तिला म्हटलंसुद्धा, "नीट लिखेल शे बठ्ठं."

पुढचे तीन आठवडे ती घरी आली ती वेगळीच. जेवताना बोलायची नाही. ताटाशेजारी कागद ठेवायची. दुसऱ्या ढिगाचे ठिपके रेघेवर बसत नव्हते. दोन दिवस बसायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम उडी मारून रेघेच्या बाहेर जायचे. तिने समीकरणात हे बदललं, ते बदललं. दुसऱ्याला बसवलं की पहिल्याचं बिघडायचं. तिने मला विचारलं, "आबा, तिसऱ्या दिवशी काही झालं होतं का? ऊन आलं, दार उघडं राहिलं?"

"काही नही. तुनं समीकरण कच्चं शे."

हे मी ठणकावून म्हटलं. आजही आठवतं तेव्हा मान खाली जात नाही, पण खाजवावी लागते.

त्या रविवारी तिने सांगितलं, सर म्हणाले, जे मॉडेल एका ढिगाला चालतं आणि दुसऱ्याला नाही, ते मॉडेल नव्हे. बारा दिवस राहिले आहेत. धरणाचा विषय पुस्तकात तयार आहे, तो घ्या, पास व्हाल. सोमवारी सांगायचं होतं.

सोमवारी सकाळी मी तिला धुळ्याच्या बस स्टँडवर सोडायला गेलो. बॅग वर ठेवून ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "धरण घेते आबा. तुमच्या ढिगाला माझं गणित पुरत नाही. माझीच अक्कल कमी पडली."

मी फलाटावर उभा होतो. माझी अक्कल कमी आहे असं मला खूप जणांनी सांगितलं आणि मी एकाचंही ऐकलं नाही. पण ही पोरगी स्वतःलाच सांगत होती, आणि तेही माझ्या आकड्यांवरून. कंडक्टरने दार ओढलं तेव्हा मी आत चढलो.

"आबा, तुम्ही कुठे?"

"जळगावले."

"कशाला?"

"तिकीट काढू दे आधी."

पारोळा येईपर्यंत मी पिकांकडे बघत होतो. पारोळ्याला गाडी थांबली, लोक उतरले, आणि मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी दहा वाजेचा आकडा काय शे वहीत?"

तिला वही बघावी लागली नाही. "अठ्ठावीस."

"थर्मामीटरवर सव्वीस व्हता."

ती माझ्याकडे वळली.

"मग अठ्ठावीस कोणी लिहिलं?"

"मी लिखा. हातनं."

"आणि बाराचा?"

"तोही. तिथून पुढचे बठ्ठे."

ती रागवली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. एरंडोल आलं, गेलं. मला वाटलं आता रडते की काय, तर तिने पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे काहीतरी लिहायला लागली.

"आबा, तुमचे आकडे यंत्रापेक्षा नेहमी जास्तच होते का?"

"चढतीवर जास्त. पानं काढल्यावर ढीग उतरतीला लागला की कमी."

"म्हणजे उलट."

"हां. उलट."

तिने तिकीट पर्समध्ये ठेवून दिलं. म्हणाली, "सरांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"सांगसू ना. मी काय चोरी करी?"

विद्यापीठ जळगावच्या अलीकडेच, म्हणून आम्ही आधी उतरलो. गेटपासून आत भरपूर चालणं. गणित विभागातले सर तिच्या वडिलांच्या वयाचे, शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं, हिचं गणित बरोबर आहे, आकडे मी बदलले, कारण मला वाटलं यंत्र मागे पडलंय. सरांनी सगळं ऐकलं. मग हसू दाबून विचारलं, "बाबा, यंत्र मागे पडलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"हात सांगतो."

"पुढचा ढीग कधी लागतो?"

"परवा."

सर तिच्याकडे वळले. "वेळ पुरेल?"

"परवापासून चार दिवस ढिगाचे, उरलेले लिहायला," ती म्हणाली. "सर, मी थर्मामीटर त्यांच्याकडेच देणार आहे."

मला वाटलं होतं ती स्वतः येऊन बसेल, नाहीतर शेठच्या मुलाला सांगेल. सर म्हणाले, "त्यांच्याकडेच?"

"हो सर. वहीत दोन रकाने पाडते. एक यंत्राचा, एक हाताचा."

ती वही मी अजून ठेवली आहे. डावीकडे 'यंत्र', उजवीकडे 'आबा'. तिसऱ्या ढिगाच्या वेळी मी आधी हात घालायचो, माझा आकडा लिहायचो, आणि मगच थर्मामीटरकडे बघायचो. कितीही खोटं वाटलं तरी जे दिसलं तेच डावीकडे लिहिलं. मला ते सोपं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तर पेन हातात धरून मी त्या यंत्राला दोन शब्द बोललोसुद्धा. पण लिहिलं.

ढीग मोडल्यावर दुसऱ्या दिवशी ती आली आणि वही घेऊन आमच्या ओट्यावरच बसली. डाव्या रकान्याचे ठिपके तिने निळ्या पेनने टाकले. समीकरणाची रेघ त्यांच्यावरून सरळ गेली, मण्यांतून दोरी. मग उजव्या रकान्याचे लाल पेनने टाकले. तेही वळण अगदी तसंच, चढण तीच, उतरण तीच. फक्त सगळं दोन तास अलीकडे सरकलेलं.

तिने लाल ठिपकेही रेघेने जोडले. मग लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही यंत्राच्या दोन तास पुढे आहात."

"मंग? मी काय सांगत व्हतो?"

"तुम्ही म्हणत होतात यंत्र चुकतं. यंत्र चुकत नाही. ते आत्ता किती आहे ते सांगतं. तुमचा हात कुठे चाललंय ते सांगतो. किती आणि कोणत्या वेगाने, दोन्ही धरून. मी दोन वर्षं विद्यापीठात बसून जे शिकले ते तुम्ही कोपरापर्यंत हात घालून करता."

"बठ्ठास्ले माहीत ऱ्हास," मी म्हटलं.

"लिहिता येत नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

प्रकल्पाचं बाड बांधायच्या वेळी ती म्हणाली, दुसऱ्या ढिगाची निरीक्षणं काढून टाकते. मी नाही म्हटलं. "ते मन्हं लिखेल शे. काढशी कसाले?"

"आबा, ती चुकीची आहेत. माझ्याच प्रकल्पात मी चुकीची निरीक्षणं छापू?"

"चुकीनी म्हणून छाप. कोणी लिखी, कसाले लिखी, तेबी लिख." अर्धा दिवस वाद झाला. तिची आई मध्ये पडली, तिलाही मी गप्प बसवलं. शेवटी ती छापायला तयार झाली. मी जिंकलो असं मी समजतो. ती म्हणते, विचार केल्यावर तिलाच ते पटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मीही गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात. नातीने फळ्यावर समीकरण लिहिलं, दोन्ही तुकडे समजावले, चहा आणि केळं यांतला फरकही सांगितला. बाईंनी बाड उलटवून शेवटची पानं बघितली.

"ही निरीक्षणं तुम्ही वगळलीत. मग छापली का?"

"कारण ती चुकीची नाहीत, मॅडम. ती दोन तास पुढची आहेत." आणि तिने निळी आणि लाल रेघ दाखवली. बाईंनी त्या कागदावर बराच वेळ घालवला. मग विचारलं, "घेतली कोणी?"

तिने माझ्याकडे हात केला. बाईंनी मान वळवली. "आजोबा, दोनच तास पुढे का? एक का नाही, चार का नाही?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, पण उत्तर देताना थांबावं लागलं नाही. "बाई, वरची पानं काढायला अर्धा तास लागतो आणि ढीग मोडून पसरायला दीड. ढीग बिघडला हे कळून उपयोग नाही, बिघडायच्या दोन तास आधी कळायला पाहिजे. हाताला दुसरं काही शिकवलंच नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नात माझ्याकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती, पण तिचे कान मला दिसत होते आणि ते लाल झाले होते. नंतर सर म्हणाले, बाईंनी सगळ्यांत जास्त गुण हिला दिले. धरणवाल्यांना बाईंनी विचारलं म्हणे, तुम्ही धरण बघितलंय का.

बाडाचं ते पान मी वाचू शकतो. वर लिहिलंय, 'वगळलेली निरीक्षणे', खाली माझ्या अक्षरातले आकडे, तसेच्या तसे. सातांना मी शेपूट जरा लांब काढतो, तेही आलंय.

परवा शेठच्या मुलाने मला जुन्या खोलीकडे बोलावलं. त्याने आता थर्मामीटर कायमचं बसवून घेतलंय. म्हणाला, "आबा, बघा बरं, सत्तावीस दाखवतंय."

मी हात घातला. "आत्ता सत्तावीस बरोबर. दोन तासांनी एकोणतीस. पानं आत्ता काढायला लाव."

त्याने पानं काढली नाहीत. आधी बघू म्हणाला. दोन तास आम्ही पोत्यावर बसलो, चहा प्यालो. मग तो उठून आकडा वाचून आला आणि म्हणाला, "साडेअठ्ठावीस."

"अर्धा यंत्राचा राहिला असेल," मी म्हटलं, आणि आम्ही पानं काढायला घेतली.